राजीनाम्याचा जुना अर्थ

मराठेकालीन गद्य वर्गात शिकवताना दरवर्षी एक ठरलेला घोटाळा होतो. एखाद्या वतनाच्या तंट्याचा निवाडा वाचायला घेतलेला असतो. दोन भाऊबंद पाटीलकीच्या वडीलपणावरून भांडत असतात. आणि सभेपुढे दोघांनीही राजीनामे लिहून दिल्याचा उल्लेख येतो. मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येतो : "सर, दोघांनीही राजीनामा दिला, तर पाटीलकी मिळाली कोणाला?" वर्ग हसतो. पहिल्या वर्षी आम्हीही हसलो होतो. पुढे मात्र या प्रश्नाने आमचा पाठलाग केला, आणि प्रस्तुत लेख हा त्या पाठलागाचाच एक भाग आहे.

'राजी' म्हणजे संतुष्ट, कबूल. 'नामा' म्हणजे लेख. सभा जो निर्णय देईल तो आम्हांस मान्य आहे, असे वादी-प्रतिवाद्यांनी आधीच लिहून देणे म्हणजे राजीनामा. आज आपण हा शब्द पद सोडण्यासाठी वापरतो. त्यात 'स्वखुशीने' एवढाच जुना अंश उरला आहे, आणि तोही बहुधा खोटा असतो. असो. परंतु गावातला तंटा गावातच मिटावा, मोहल्ल्याची शांतता मोहल्ल्यानेच राखावी, या कल्पनेचा महाराष्ट्रातील इतिहास पाहू लागलो, तेव्हा आम्हांला हा एक शब्द किल्लीसारखा वाटू लागला. तंटा मिटवणाऱ्यांची चर्चा पुष्कळ होते. तंटा असणाऱ्याची कबुली कोणी, केव्हा आणि कशी घेतली, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

जुनी पद्धत थोडक्यात पाहू. वाद सांगणारा तो अग्रवादी, उत्तर देणारा तो पश्चिमवादी. दोघांच्या तकरीरा, म्हणजे लेखी निवेदने, घेतल्या जात. हजर राहण्याबद्दल हाजिरजामीन आणि निर्णयाप्रमाणे वागण्याबद्दल वर्तनजामीन द्यावा लागे. मग गोतसभा किंवा मजलस बसे. तिच्यात पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे असत, बलुतेदार असत, आणि ज्यांना कागदपत्रांत 'समस्त पांढरी' म्हटले जाते ते गावकरी असत. वस्तीची जमीन ती पांढरी आणि पिकाची ती काळी; या भाषेत माणसांना त्यांच्या जमिनीच्या रंगानेच हाक मारली जात होती. निर्णय झाल्यावर जो महजर तयार होई त्याच्या शेवटी हजर असलेल्यांची नावे आणि निशाण्या येत. पाटलाच्या नावापुढे नांगर असे आणि न्हाव्याच्या नावापुढे आरसा. लिहिता न येणाऱ्याचे अवजार त्याच्या वतीने साक्ष देई.

या व्यवहारातील शब्दांचे पुढे काय झाले, हे भाषेच्या अभ्यासकाने जरूर पाहावे. जिंकणाऱ्याकडून सरकार जी रक्कम घेई ती 'हरकी', आणि हरणाऱ्याकडून घेई ती 'गुन्हेगारी'. म्हणजे गुन्हेगारी हा दंड होता, प्रवृत्ती नव्हे. निवाडा करण्याच्या कामाला 'मनसुबी' म्हणत. आज मनसुबे रचणारा माणूस न्यायाधीश नसतो, बहुधा उलटच असतो. साक्षीपुराव्याने भागले नाही तर 'दिव्य' करावे लागे. उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढायचा तो रवा-दिव्याचा प्रकार. हात भाजला की खोटेपणा सिद्ध. आपण अजूनही मोठ्या कष्टाच्या कामाला दिव्य म्हणतो, पण तेलाची आठवण कोणाला होत नाही. आणि 'पंचाईत'! पाचामुखी परमेश्वर मानणाऱ्या समाजाने पंचायतीचा उच्चार थोडा सैल केला आणि त्यातून 'अडचण' आणि 'दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसणे' असे दोन अर्थ काढले. पंचायतीविषयी सामान्य मराठी माणसाचे खरे मत काय होते, याचा याहून प्रांजळ पुरावा दफ्तरात सापडणे कठीण आहे.

प्रक्रियेतील सर्वांत महत्त्वाचा कागद मात्र राजीनामा नव्हे, तर यजितखत. हरलेल्याने जिंकलेल्याला लिहून द्यायचा हा कागद. माझा दावा खोटा ठरला, यापुढे मी वा माझे वंशज हा कज्जा उकरून काढणार नाहीत, अशी त्यात कबुली असे. सुरुवातीला एक कबुली आणि शेवटी दुसरी. या दोहोंच्या मध्ये गोत बसलेले. हे वाचताना प्रथम आम्ही फार भारावून गेलो होतो. हरणाऱ्याच्या तोंडून हार वदवून घेतल्याशिवाय तंटा संपला असे न मानणारी ही व्यवस्था आधुनिक न्यायालयापेक्षा अधिक माणुसकीची वाटते. पण हा भारावलेपणा फार काळ टिकला नाही. कारण भोवती सगळे गाव बसलेले असताना दिलेली कबुली कितपत स्वखुशीची असते, हे खेड्यात वाढलेल्या माणसाला शिकवावे लागत नाही.

आश्चर्य असे, की ही शंका त्या काळच्या लोकांनाही होती. गोतसभेच्या कागदांत 'थळ' असा एक शब्द भेटतो. वाद जेथे चालवायचा ते ठिकाण म्हणजे थळ. पक्षकाराला आपल्या गावच्या सभेचा भरवसा नसेल तर तो परस्थळ मागू शके, म्हणजे दुसऱ्या गावच्या गोतापुढे आपली मनसुबी व्हावी अशी विनंती करू शके. गाव स्वतःच पक्षपाती असू शकते, प्रसंगी गावच पक्षकार असू शकते, ही गोष्ट सतराव्या-अठराव्या शतकातील त्या व्यवस्थेने गृहीत धरली होती. आमच्या मते ग्रामन्यायाच्या सबंध इतिहासातील ही सर्वांत शहाणी तरतूद होय. आणि ग्रामव्यवस्थेचे गोडवे गाणाऱ्यांना नेमका तिचाच विसर पडलेला दिसतो.

तंट्याइतकीच रखवालीही गावाच्या अंगावर होती. महार, जागल्या, रामोशी यांच्याकडे पहारा असे. शिवेच्या वादात महाराची साक्ष मोलाची मानली जाई, कारण शीव त्याच्याच पायाखालची असे. चोरी झाली तर रखवालदाराने चोराचा माग काढायचा. माग शेजारच्या गावच्या शिवेत गेला, तर तो तिथल्या रखवालदाराला दाखवून द्यायचा आणि मोकळे व्हायचे. ज्या गावात माग हरवला, त्या गावावर चोरीच्या मालाची जबाबदारी. सुरक्षितता ही अशी पावलापावलाने एका गावाकडून दुसऱ्या गावाकडे सोपवली जात होती. 'मागमूस' हा शब्द उच्चारताना ती पावले ऐकू यावीत इतकी ती पद्धत ठसठशीत होती. मात्र ज्याच्या डोळ्यांवर साऱ्या गावाची झोप अवलंबून होती, त्याची वस्ती गावकुसाबाहेर होती. महजरावर त्याची निशाणी असे. सभेत त्याची बैठक कोठे असे, हे सांगायची गरज नाही.

शहरात चित्र निराळे होते. पेशवाईतील पुण्यात पेठापेठांतून चावड्या होत्या आणि सर्वांवर कोतवाल होता. रात्रीची तोफ झाली की रस्त्यावर सापडलेल्या माणसाला सकाळपर्यंत अटकेत बसावे लागे. शहर शांत होते, असे त्या काळचे पाहुणे सांगतात. पण या शांततेत कोणाचा राजीनामा नव्हता. १७९१ साली कोंडून ठेवलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले आणि त्याच शहराने घाशीराम कोतवालाला दगडांनी ठार केले. तेंडुलकरांच्या नाटकामुळे १९७२पासून हा प्रसंग आपल्या वाङ्मयीन स्मृतीत कायमचा बसला आहे. नाटकावरचा वाद नाना फडणविसांच्या चित्रणावरून झाला. कोतवालीचा प्रश्न त्यात बाजूला पडला याची आम्हांला खंत वाटते.

१८१८ साली पेशवाई बुडाली. दख्खनचा कमिशनर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ साली जिंकलेल्या मुलखावर जो अहवाल लिहिला त्यात पंचायतींवर विस्ताराने लिहिले आहे. विलंब, सभासदांना हजर करण्याची अडचण, निर्णय अमलात आणण्याची वानवा, कधी पक्षपात, हे सर्व दोष त्याने मोजले. आणि तरीही या मुलखात न्यायाचे मुख्य साधन पंचायतच राहावे असे सुचवले. हेतू चांगला होता. पण त्याच्याच राजवटीत न्यायालये उभी राहिली, १८२७ची कायदेसंहिता आली, आणि पंचायती ओस पडू लागल्या. याचे कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. वरती समन्स काढणारे, जप्ती आणणारे कोर्ट असताना हरणारा यजितखत कशाला लिहून देईल? पंचायत कोणी बंद केली नाही. तिला लागणारी कबुली तेवढी अनावश्यक होऊन बसली.

कोर्टाने शेतकऱ्याला काय दिले हे जोतीराव फुल्यांच्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये वाचावे. कागद न वाचता येणारा माणूस कागदाच्या राज्यात कसा नागवला जातो, याचे इतके जळजळीत वर्णन मराठीत दुसरे नाही. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे दंगा झाला आणि पुणे व नगर जिल्ह्यांत तो पसरला. लोकांनी सावकारांवर हल्ले केले, पण मुख्य रोख रोख्यांवर होता. कर्जाचे कागद मिळवून जाळायचे. त्याच्या आदल्या वर्षीच शिरूर तालुक्यातील करडे गावाने सावकारावर बहिष्कार घातला होता. न्हावी त्याची हजामत करीना, पाणी भरणारा पाणी भरीना. गाव करी ते राव न करी, या म्हणीचा हा अक्षरशः प्रत्यय. हे हत्यार येथे आम्हांला न्याय्य वाटते, कारण ते दुबळ्यांनी सबळाविरुद्ध उगारले होते. ते लक्षात ठेवावे. पुढे तेच हत्यार दुसऱ्या हातात भेटणार आहे.

याच दशकात पुण्याच्या सार्वजनिक सभेने लवाद न्यायालयाचा प्रयोग केला. सार्वजनिक काका आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या पिढीला परकीय कोर्टाच्या बाहेर स्वदेशी न्याय उभा करायचा होता. सरकारनेही १८७९च्या दख्खन शेतकरी कायद्यात गावमुन्सफ नेमण्याची सोय केली आणि सलोखा घडवून आणणारे अधिकारी नेमले. जेथे असा अधिकारी होता तेथे, सलोख्याचा प्रयत्न फसल्याचा त्याचा दाखला असल्याशिवाय शेतकऱ्याविरुद्धचा दावा कोर्टात दाखलच होत नसे. म्हणजे राजी होण्याचा प्रयत्न करणे ही आता कायद्याची सक्ती झाली. जुन्या व्यवहाराच्या पायाशी असलेली गोष्ट आता खिडकीवर मिळणाऱ्या दाखल्यात उतरली. तडजोडीचे सरकारीकरण सुरू होते ते येथून, असे आम्हांला वाटते.

विसाव्या शतकात ग्रामपंचायतीला राष्ट्रीय चळवळीचे तेज मिळाले. त्या तेजात डोळे न दिपलेला एक माणूस मुंबईच्या कायदेमंडळात होता. १९३२ साली ग्रामपंचायतींचे विधेयक आले तेव्हा डॉ. आंबेडकरांनी पंचायतींना न्यायदानाचे अधिकार देण्यास विरोध केला. जातींनी विभागलेल्या गावात निवडून आलेले पंच अस्पृश्याला न्याय देतील हा भरवसा त्यांना नव्हता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी खेड्याविषयी जे उद्गार काढले ते सर्वांना ठाऊक आहेत. संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता यांचे ते घर आहे, असा त्यांचा आशय होता. या भाषणाकडे बहुतेक अभ्यासक खेड्यावरचा राग म्हणून पाहतात. आम्हांला त्यात परस्थळाची मागणी ऐकू येते. माझ्या गावातला तंटा माझ्या गावापुढे नको; मला दुसरे थळ द्या. राज्यघटना हे त्यांनी मागितलेले परस्थळ होते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल काय? आम्हांला तसे वाटत नाही.

स्वतंत्र महाराष्ट्रात १९५८च्या ग्रामपंचायत कायद्यात न्यायपंचायतींची तरतूद होती. त्या फारशा रुजल्या नाहीत आणि १९७०च्या दशकात रद्द झाल्या. १९६०च्या दशकात वंशपरंपरागत पाटीलकी संपली आणि १९६७च्या ग्रामपोलीस कायद्याखाली नेमणुकीचा पोलीसपाटील आला. हा सर्व भाग कारकुनी आहे. खरी नवी गोष्ट घडली ती भिवंडीत.

यंत्रमागांच्या या गावात मे १९७०मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून भीषण दंगल झाली. जळगाव आणि महाड येथील दंगलींसह तिची चौकशी न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने केली आणि पोलिसांच्या वर्तनावर कठोर ठपका ठेवला. मे १९८४मध्ये पुन्हा तेच घडले. १९८८ साली सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. त्यांनी जे केले ते ऐकायला अगदी साधे आहे. प्रत्येक मोहल्ल्यात समिती नेमली. अशा सुमारे ७० समित्या झाल्या. समितीत हिंदू आणि मुसलमान सारख्या संख्येने घेतले, आणि तेही शक्यतो नावाजलेले पुढारी टाळून, रस्त्यावरची सामान्य माणसे. समितीबरोबर ठाण्यातला एक पोलीस जोडून दिला. बैठका नियमित व्हाव्यात हा दंडक.

या बैठकांत काय होत असे? येथेच आम्हांला या प्रयोगाचे मर्म दिसते. त्या निवाडा करण्यासाठी बसत नसत. कोणाचा नळ, कोणाचे गटार, भाडेकरूचे भांडण, नवराबायकोची कुरबूर, मिरवणुकीचा रस्ता, अशा किरकोळ गोष्टींवर बोलणे होई. दंगलीविषयी फारसे बोलावेच लागत नसे. पण महिनोन्‌महिने एका सतरंजीवर बसल्याने एका आळीतल्या माणसाला दुसऱ्या आळीतला माणूस नावाने ओळखता येऊ लागला, आणि ठाण्यातल्या शिपायाला दोघेही. दंगलीला लागणारे पहिले इंधन म्हणजे अफवा. अफवा खरी की खोटी हे रात्री अकराला जाऊन विचारता येईल असे एक दार प्रत्येकाला माहीत झाले. जुन्या भाषेत सांगायचे तर भिवंडीत यजितखत कोणीच लिहून देत नव्हते. फक्त राजीनामे लिहिले जात होते, आणि तेही तंटा होण्यापूर्वी.

६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पाडली गेली. त्या डिसेंबरात आणि नंतरच्या जानेवारीत मुंबई जळाली. श्रीकृष्ण आयोगाच्या हिशेबाने ९०० माणसे मेली. भिवंडी शांत राहिली. दोनदा राख झालेले हे गाव शांत कसे राहिले, याकडे जगभरच्या अभ्यासकांचे लक्ष गेले. आशुतोष वार्ष्णेय यांच्या २००२ सालच्या प्रसिद्ध ग्रंथातही या समित्यांची दखल घेतली आहे. मुंबईत पुढे सतीश सहानी, ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला एकता समित्या उभ्या राहिल्या. त्यांचे काम मोलाचे आहे, परंतु ते आग विझल्यानंतरचे होते.

भिवंडीची ही कथा येथेच थांबवली तर ती कीर्तनातल्या आख्यानासारखी होईल. ५ जुलै २००६ रोजी त्याच भिवंडीत कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून जमाव उसळला. पोलीस गोळीबारात दोघे मरण पावले आणि त्याच रात्री दोन पोलिसांची हत्या झाली. या खेपेला तंटा हिंदू-मुसलमानांचा नव्हता. तो मोहल्ला आणि पोलीस यांच्यातला होता. ज्या पोलिसाने सतरंजी अंथरली होती, तोच आता पक्षकार झाला होता, आणि या तंट्यासाठी थळ कोठेच नव्हते. समित्या अधिकाऱ्याच्या उत्साहावर चालतात, अधिकारी बदलतो. कागदावर समिती उरते आणि बैठकीच्या नोंदवहीत सह्या घरपोच घेतल्या जातात. सरकारी महाविद्यालयीन समित्यांवर बसलेल्या कोणाही वाचकाला हे अधिक उलगडून सांगायला नको.

१५ ऑगस्ट २००७ रोजी गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. पाटलांनी यापूर्वी ग्रामविकास मंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान राबवले होते, आणि नव्या मोहिमेची घडण त्याच धाटणीची होती. ग्रामसभेने समिती निवडायची, तिच्यात सरपंच, पोलीसपाटील, तलाठी वगैरे, गावातील दिवाणी, महसुली, फौजदारी आणि इतर तंट्यांची नोंदवही करायची, आपसांत मिटवता येतील ते मिटवायचे, गुणांकन व्हायचे, आणि पात्र गावाला लोकसंख्येच्या प्रमाणात रोख पुरस्कार मिळायचा. पहिल्या काही वर्षांत तर गावोगावी वेशीवर 'तंटामुक्त गाव' अशा कमानी उठल्या.

या मोहिमेची चेष्टा करण्याचा मोह आम्ही टाळतो. बांधावरून तीन पिढ्या चाललेले दावे तिच्यामुळे मिटले, तारखांचा आणि वकिलांचा खर्च वाचला, हे आम्ही आमच्या परिसरात पाहिले आहे. बांधाचा तंटा हा मोहिमेचा अगदी योग्य विषय. दोघे तुल्यबळ असतात, दोघांनाही उद्या शेजारीच नांगर धरायचा असतो, आणि राजी होण्यात दोघांचाही फायदा असतो. पण शब्द पाहा : तंटामुक्त. व्यसनमुक्त, हागणदारीमुक्त यांच्याच ओळीत तो बसवला आहे. जणू तंटा ही एक घाण आहे आणि ती दिसेनाशी झाली की गाव स्वच्छ झाले. तंटा म्हणजे कधी कधी अन्यायाला फुटलेले तोंड असते, हे या समासात मावत नाही. आणि एकदा पुरस्कार गावाच्या नावावर ठेवला की तक्रार घेऊन ठाण्यात जाणारा प्रत्येक माणूस गावाच्या बक्षिसाच्या आड येतो. नवऱ्याचा मार खाल्लेली बाई, मजुरी बुडवली गेलेला सालगडी, पाणवठ्यावर अडवला गेलेला तरुण, यांना समितीपुढे 'मिटवून घ्या' म्हणणारे लोक दुष्ट असतात असे नाही. ते फक्त गावाचे असतात. जुन्या मनसुबीत अशा माणसाला निदान परस्थळ मागता येत होते. पोलीस ठाणे हे आजचे परस्थळ. तेथे जाण्याने गावाचे गुण कमी होणार असतील, तर परस्थळाची वाट आपण प्रोत्साहनाच्या नावाखाली बुजवली असा त्याचा अर्थ होतो. आमच्या वर्गातील एका विद्यार्थिनीने हे आमच्याहून नेमके सांगितले होते : "मॅडम, समितीत सगळे माझ्या सासऱ्यांचे मित्रच असणार ना?"

गावापेक्षाही घट्ट असे एक गोत अजून आहे, ते जातीचे. जातपंचायतीने वाळीत टाकणे हे करड्याच्या बहिष्काराचेच उलटे रूप. तेच हत्यार येथे सबळांच्या हातात, आणि रोख बहुधा प्रेमविवाह करणाऱ्यांवर किंवा बायकांवर. मुंबई राज्याने १९४९ साली बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता. दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली तो घटनाबाह्य ठरवला. पुढे अर्धशतक काहीच झाले नाही. २०१३ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींविरुद्ध मोहीम उघडली. त्याच वर्षी २० ऑगस्टला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. मोहीम थांबली नाही. एप्रिल २०१६मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा संमत केला आणि जुलै २०१७मध्ये तो अमलात आला. या कायद्याने एका वेगळ्या अर्थाने थळ बदलले. पंचांपुढे उभा राहणारा आता पंचांना उभे करू शकतो.

असे असले तरी गावच्या समितीविषयी लिहिताना एक बातमी आम्हांला विसरता येत नाही. ती एक बातमी नव्हे. गेली कित्येक वर्षे जिल्हा वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर ती थोड्याफार फरकाने येत राहिली आहे. प्रेमात पडलेले, घरच्यांचा विरोध असलेले सज्ञान तरुण-तरुणी तंटामुक्ती समितीकडे जातात, आणि समिती ग्रामपंचायतीच्या आवारात किंवा मारुतीच्या देवळापुढे त्यांचे लग्न लावून देते. कधी जात एक असते, कधी नसते. ज्या समितीविषयी वरच्या परिच्छेदात आम्ही इतके साशंक होतो, तीच समिती येथे जातीच्या गोताविरुद्ध उभी राहते. हे कसे, याचे समाधानकारक उत्तर आमच्याजवळ नाही. एवढे मात्र दिसते, की येथे समितीने कोणाला बोलावलेले नसते. ते दोघे आपल्या पायांनी आलेले असतात. बातमीसोबतचे छायाचित्रही ठरलेले असते. हार घातलेले दोघे मध्ये, शेजारी समितीचे अध्यक्ष, सरपंच, पोलीसपाटील, मागे कुतूहलाने डोकावणारी पोरे. समोर टेबलावर एक कागद असतो आणि त्यावर दोघांच्या सह्या असतात. आईवडिलांसाठी मांडलेल्या खुर्च्यांपैकी दोन बहुधा रिकाम्या दिसतात.